चिमटा आणि शेगडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात कोणते वास यावेत, हे ठरलेले असते. उटण्याचा, तेलाचा, उंबऱ्यापाशी फोडलेल्या कारिटाचा, फार तर शेजारच्या फटाक्यांचा. गेल्या दिवाळीत मात्र रोह्याला लागून असलेल्या वरसे गावी, आमच्या वडिलार्जित घरात, एक निराळाच वास सुटला. कोंबडीचे पीस जळावे तसा. पंचाने डोके पुसत मी माजघरात आलो, तो आमची कन्या आरशासमोर उभी! एका हातात केस सरळ करायचा विजेचा चिमटा, म्हणजे स्ट्रेटनर, आणि दुसऱ्या हातात बोटभर लांबीची बट. डोक्यापासून तुटून आलेली.

"बाबा, काही बोलू नकोस," ती म्हणाली. "संध्याकाळी सगळे येणार आहेत."

मी बोलणारच होतो. बोलणे हा माझा धंदाच आहे. विद्यार्थी ऐकतात की नाही, हा प्रश्न वेगळा. मी म्हणालो, "पण इतके छान कुरळे केस असताना..."

"छान? शाळेत मला 'शेवया' म्हणायचे, तेव्हा तूच सर्वांत मोठ्याने हसला होतास."

हे खरे होते. मराठीचा मास्तर मी. उपमा आवडली म्हणून हसलो होतो आणि विसरूनही गेलो होतो. ती विसरली नव्हती. मी पंचा खांद्यावर टाकून गप्प बसलो.

इतक्यात आई आली. तिने बट हातात घेऊन बोटांनी चुरून पाहिली. "ओल्या केसांवर फिरवलंस ना? चर्र वाजलं असेल."

"हो. वाफ पण आली."

"मग वाजलं की थांबायचं, बाळा. केस रागावला, तो सांगत होता."

आईने शास्त्र शिकलेले नाही, पण निदान अचूक होते. केस पाणी आत ओढून घेतो. त्यावर दीडदोनशे अंशांचा चिमटा दाबला, की आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून केसाच्या पोटात बुडबुडे धरतात आणि तिथेच तो मोडतो. वरून कोरडा दिसणारा केस आतून ओला असू शकतो, हीच यातली मेख.

मग आईने माळ्यावरून जुनी लोखंडी शेगडी काढायला लावली. माझ्या जन्माच्या वेळी म्हणे तिचे केस याच शेगडीवर वाळवले होते. निखाऱ्यांवर धूप, वर बांबूची टोपली पालथी आणि टोपलीवर पसरलेले केस. माझी आजी ते सारखे हलवीत असे. एकदा कुणीतरी घाईने टोपली काढून केस थेट निखाऱ्यांवर धरले; बाळंतिणीची अर्धी वेणी करपली. "तेव्हापासून मी टोपलीला मान देते," आई म्हणाली.

मला त्यावेळी गंमत वाटली. पुढे वाचताना कळले, की २०११ साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ड्रायरची परीक्षा केली, तेव्हा त्यांच्या हाती जवळजवळ आमची टोपलीच लागली. झोत पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा आणि सतत हलवीत राहावा, असा त्यांचा निष्कर्ष. उष्णता वाढेल तशी केसांवरच्या खवल्यांची हानी वाढते. पण केस फार वेळ ओले ठेवणेही सोसत नाही, असेही त्यांना आढळले. म्हणजे उन्हात पाठ करून बसलेल्या आपल्या बायका अगदीच निर्धोक होत्या असे नाही!

चिमटाही काही आजचा नाही. १८७२ साली पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने तापल्या चिमट्याने केसांना लाटा पाडण्याची रीत काढली. ते कारागीर चिमटा आधी कागदावर टेकवून पाहत. कागद तांबूस झाला, की तो निवू देत. आता आकडे दाखवणारी बटणे आली. नाजूक केसांना दीडशे अंशांच्या आसपास, दाट केसांना एकशेऐंशीपर्यंत, आणि एका बटेवरून एकदाच. कन्येने पहिल्याच दिवशी थेट दोनशेतीसवर नेऊन ठेवले होते.

तेलाच्या बाबतीत मात्र आईचे चुकले. "आधी खोबरेल लाव, मग चिमटा," असे ती सांगू लागली, तेव्हा नातीने तिला थांबवले. खोबरेल केसांतली प्रथिने राखते, हे मुंबईतल्याच रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले. पण ते न्हाण्याच्या संदर्भात. तेलकट केसांवर चिमटा म्हणजे कढईत भजे. आईने हे मुकाट्याने ऐकून घेतले, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

भाऊबीजेला दुपारी आई हळूच नातीपाशी बसली. "माझी एक बट सरळ करून बघ गं. सत्तर वर्षं झाली, कधी पाहिली नाही."

कन्येने आईचे केस दोन तास आधी धुतले होते तरी पुन्हा चाचपून पाहिले, आकडा खाली आणला. पांढरे केस उष्णतेने पिवळे पडतात, म्हणाली. मग एक बट अलगद ओढली. आईने आरशात पाहिले, हसली, आणि म्हणाली, "ही कोण बाई?"

सायंकाळी कुंडलिकेकडून दमट वारा सुटला. उष्णतेने जुळवलेले केसांतले दुवे ओलाव्याने सुटतात. आम्ही पानावर बसेपर्यंत आईची बट कानापाशी वर वळलेली होती. कन्या ती एकसारखी पाहत होती. मग तिने स्वतःच्या केसांचा बांधलेला रुमाल सोडला.