पाच मायक्रॉनचा घास

अर्ध्या मिलिमीटरची एंडमिल डबीतून काढली की आधी दिसतो तो तिचा दांडा. 4 मिलिमीटर जाडीचा, चकचकीत, चिमटीत सहज मावणारा. कापणारं टोक दिसत नाही. दांडा शेवटी निमुळता होत गेलाय एवढंच कळतं. मग डोळ्याला भिंग लावावं. दोन धारा, त्यांच्यामधून वळत वर चढलेल्या खाचा, टोकाशी दोन इवले दात. टंगस्टन कार्बाइडचे मायक्रॉनहून बारीक कण कोबाल्टनं बांधून घडवलेली ही वस्तू इतकी देखणी असते, की ती स्टेनलेसमध्ये घालायची म्हटलं की जिवावर येतं.

नेमकं तिथेच बिनसतं. जीव जडलेली वस्तू माणूस जपून वापरतो. फीड कमी ठेवतो, हळूहळू जाऊ म्हणतो. पितळ हे लाड चालवून घेतं. 304 आणि 316 जातीचं स्टेनलेस नाही. हे पोलाद दाबलं, घासलं, की तेवढ्या जागी कडक होत जातं. धारेला स्वतःची गोलाई असते, काही मायक्रॉनची. चिप त्याहून पातळ मागितली तर धार कापत नाही, नुसती घासते, आणि मागून येणाऱ्या दाताच्या वाट्याला आधीच्यानं कडक केलेली कातडी येते. त्यात स्टेनलेस उष्णता लवकर वाहून नेत नाही. ती धारेपाशीच साचते. जपलेलं टूल असं मरतं.

म्हणून दाताला घास द्यावा लागतो. 5 मायक्रॉनचा तरी. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. मिनिटाला 20,000 फेऱ्या, दोन दात, प्रत्येकी 5 मायक्रॉन: फीड आला 200 मिलिमीटर. एवढ्या फेऱ्यांनाही धारेचा वेग मिनिटाला जेमतेम 31 मीटर. 10 मिलिमीटरच्या एंडमिलला तो 1,000 फेऱ्यांत मिळतो. भोसरीच्या शेडमधल्या पुष्कळ व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीनं, 10,000 फेऱ्यांच्या पुढे जात नाहीत. न जावोत. फेऱ्या निम्म्या झाल्या तर फीड निम्मा करावा, घास तेवढाच ठेवावा.

काळजी घ्यायची ती सगळी कट सुरू होण्याआधी, आणि मला या कामातला तोच भाग सर्वांत प्रिय आहे. कॉलेट पुसायचा, नट आतून पुसायचा, टेपरवर बोट फिरवून कण राहिला नाही ना ते पाहायचं. दांड्याला डायल लावून स्पिंडल हातानं फिरवायचा. काटा 1 शतांश हलला तर मोठ्या टूलला त्याचं काहीच नसतं. इथे तो शतांश म्हणजे 10 मायक्रॉन, घासाच्या दुप्पट! एक दात दोघांचं खातो, दुसरा रिकामा फिरतो. मग नट सैल करायचा, टूल कॉलेटमध्ये थोडं फिरवून पुन्हा आवळायचं, पुन्हा डायल. काटा 2-3 मायक्रॉनवर येईपर्यंत हे चालू. घाईच्या दिवशीसुद्धा.

टूलची मान, म्हणजे दांड्यापुढचा बारीक भाग, शक्य तितकी आखूड निवडावी. लांबी तिप्पट झाली तर वाक 27 पट होतो, म्हणून 1 मिलिमीटरच्या मानेनं भागत असताना 3 मिलिमीटरची घेऊ नये. कागद लावून झेड, म्हणजे टूलच्या उंचीचा शून्य, घेण्याची सवय इथे सोडावी. कागदच 100 मायक्रॉनचा आणि आपला एकेक थर 20 चा. स्पिंडल आधी फिरवून तापवावा, नाहीतर काम चालू असताना तो लांबतो आणि शेवटच्या खाचेचा तळ पहिल्याशी जुळत नाही. सरळ खाली उतरू नये, घेर घेत उतरावं. हवा आणि तेल खाचेत नीट पोचलं पाहिजे, कारण बाहेर न पडलेली चिप पुढच्या दाताखाली येते.

टूल मोडलं तर ऐकूही येत नाही. लोडमीटर हलत नाही, मशीन शांतपणे हवा कापत राहतं. त्यामुळे ठरावीक लांबी कापून झाली की धड दिसणारं टूलसुद्धा मी बदलतो. गोल झालेली धार घासायलाच लागणार. काढलेली टूलं कार्बाइडच्या भंगाराच्या डब्यात जातात. भंगार वजनावर विकलं जातं, आणि त्यात भरतं ते सगळं दांड्याचंच वजन.