गोळीची वेळ

सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. झोपेतून उठवून विचारलं तरी आमच्या घरात कुणीही या वेळा सांगेल, नातवंडंसुद्धा. माझ्या यजमानांच्या लेव्होडोपाच्या गोळ्यांच्या या वेळा. यांना पार्किन्सन्स आहे. इतकी वर्षं सोबत काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की या आजारात कोणतं औषध देता याइतकंच ते किती वाजता देता हे महत्त्वाचं असतं. हे घरच्यांना लवकर कळतं. दवाखान्यांना कळायला मात्र फार वेळ लागतो.

हे बँकेत कॅशियर होते. निवृत्तीनंतर यांची सही बारीक व्हायला लागली. सुरुवातीची दोन अक्षरं ठीक यायची, मग पुढची मुंगीएवढी. एकदा चेक परत आला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने जुनी आणि नवी सही शेजारी ठेवून दाखवली. त्याआधी केव्हातरी यांचा वास गेला होता. दूध करपून घरभर झालं तरी हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. चालताना उजवा हात हलायचा नाही, अंगाला चिकटून राहायचा. कंप नव्हता, त्यामुळे पार्किन्सन्स कुणाच्या मनातही आला नाही. न्यूरॉलॉजिस्टनी अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली, मनगट हलवून ताठरपणा पाहिला, बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं आणि निदान केलं. रक्ताची कोणतीही तपासणी त्यात नव्हती.

आता त्यातही बदल होतोय. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, आणि त्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त हजारावर लोकांचा अभ्यास आला. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात हे बिघडलेलं प्रथिन ओळखता येतं, असं त्यात दिसलं. शरीर अडखळायच्या आधी ज्यांचा फक्त वास गेला होता, अशा काहींमध्येही ते सापडलं. ते वाचताना मला आमचं करपलेलं दूध आठवलं. आजार थांबवणारं औषध अजून हातात नाही, पण ते येईल तेव्हा इतक्या लवकर ओळखता येणं फार मोलाचं ठरेल.

तोवर आधार लेव्होडोपाचा. १९६७ मध्ये जॉर्ज कॉटझियास यांनी अमेरिकेत ते मोठ्या मात्रेत, हळूहळू वाढवत दिलं आणि जखडलेली माणसं उठून चालू लागली. आजही त्याच्या तोडीची गोळी दुसरी नाही. पहिली काही वर्षं आमचीही सुखात गेली. पुढे गोळीचा असर लवकर ओसरायला लागला. कारण साधं आहे. निरोगी मेंदूत डोपामिन अखंड उपलब्ध असतं. गोळीतून मिळणारं मात्र नगरपालिकेच्या नळासारखं, ठरल्या वेळी येतं आणि जातं. लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण तास-दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीला मेंदूकडे थोडी साठवायची ताकद असते, पेशी कमी होतील तशी तीही जाते.

दुपारी दीडला आमच्याकडे काय होतं ते सांगते. शर्टाचं तिसरं बटण लावता लावता बोटं थांबतात. चेहरा सपाट होतो, आवाज घशात उतरतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळतात, वरचं अंग मात्र पुढे झुकलेलं. अशा वेळी मी ओढत नाही, ओढलं की पडणारच. मी माझा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवते आणि म्हणते, “हा ओलांडा.” आणि ते ओलांडतात! आपोआप चालण्याची मेंदूतली व्यवस्था अडली, तरी डोळ्यांसमोर ठरावीक रेघ आली की दुसऱ्या वाटेने पाऊल उचललं जातं. म्हणून आम्ही फरशीवर पिवळ्या टेपच्या पट्ट्या मारल्या आहेत. दोनची गोळी घेतली की पाऊण तासात हेच गृहस्थ जिना उतरून भाजी आणतात. पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. ‘मघाशी तर उठता येत नव्हतं’ असं कुणी म्हणालं की ते यांना फार लागतं.

एकदा तर गोळी वेळेवर घेऊनही दुपारची लागू पडेना. त्याचं उत्तर मिळालं पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर. शेजारी बसलेल्या एका काकूंनी विचारलं, “गोळी जेवणाबरोबर देता का? दुपारी वरण, उसळ असते का?” प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात, ती आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने शिरतात. तिथे गर्दी झाली की गोळी मागे राहते. तेव्हापासून गोळी जेवणाआधी पाऊण तास. दुपारी भाकरी, भाजी, काकडीची कोशिंबीर. उसळ, पनीर, अंडं रात्री. आमच्या डॉक्टरांनीही याला होकार दिला. चार-पाच दिवसांत दुपार परत मिळाली.

आणि मग यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण इतरांचे अनुभव ऐकले तर ते कुठलंही असू शकतं. भरती होताना सगळ्या गोळ्या सिस्टरकडे जमा करून घेतल्या. वॉर्डात औषधं वाटायच्या वेळा ठरलेल्या होत्या, आमच्या वेळा त्यात बसेनात. दहाची गोळी साडेबाराला आली. मी तीन वेळा जाऊन सांगितलं. “देतो ना आजी, दोन तासांनी काय होतंय?” हे उत्तर. रात्री यांना उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. उलटीवरचं नेहमीचं औषध, पण ते मेंदूतल्या डोपामिनची वाटच अडवतं. पार्किन्सन्समध्ये ते टाळायचं असतं. सकाळी हे लाकडासारखे ताठ, पाणी गिळता येईना, मला ओळखलं पण नाव घेता आलं नाही. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी फोनवरून ते बंद करायला लावलं आणि गोळ्या वेळेवर सुरू करवल्या. पूर्वपदावर यायला आठवडे लागले. लेव्होडोपा एकदम तुटलं तर ताप चढून जिवावर बेतू शकतं, हेही तेव्हाच कळलं.

याचा राग मला अजून आहे. ब्रिटनमधल्या ‘पार्किन्सन्स यूके’ संस्थेने रुग्णालयांत गोळी वेळेवर मिळावी म्हणून २००६ पासून मोहीम चालवली. तिथे आता ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत गोळी मिळावी असा दंडक आहे. यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. केसपेपरवर वेळ लिहायची आणि ती पाळायची, एवढंच. आपल्याकडे ते का होऊ नये?

नव्या संशोधनातलंही बरंचसं याच वेळेच्या प्रश्नाशी झगडतंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पंप लेव्होडोपाचं द्रवरूप त्वचेखाली चोवीस तास सोडत राहतो. ग्रेनोबलचे बेनाबिद यांनी १९८७ मध्ये मेंदूत तार बसवून उत्तेजन द्यायची पद्धत आणली, तिच्यात आता मेंदूच्या लहरी ओळखून स्वतःच वीज कमी-जास्त करणारं यंत्र आलंय. त्याला अमेरिकेत २०२५ च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली. क्योटोत सात रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सोडल्या, त्याचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पेशी जगल्या, डोपामिन तयार करू लागल्या, गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. संख्या लहान आहे, पण ती बातमी मी यांना दोनदा वाचून दाखवली. मधुमेहावरच्या एक्सेनाटाइडकडून मोठी आशा होती, त्याची मोठी चाचणी मात्र फसली. तेही वाचून दाखवलं. यांना दोन्ही कळायला हवं.

तारेच्या शस्त्रक्रियेबद्दल आमचं बोलणं चालू आहे. डॉक्टर म्हणतात, गोळीने जे सुधारतं तेच तिने सुधारतं. यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, त्यामुळे विचार करता येईल. खर्च काही लाखांत जातो. मुलगा ‘करूया’ म्हणतो, हे ‘थांबूया’ म्हणतात. निर्णय त्यांचाच.

सध्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. या वेळी मी एक कागद टाइप करून नेला. वर मोठ्या अक्षरात ‘पार्किन्सन्स’, खाली गोळ्यांची नावं, मात्रा, वेळा. त्याखाली जी औषधं द्यायची नाहीत त्यांची यादी, आमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या सहीची. गोळ्या माझ्याच पर्समध्ये राहतील हेही लिहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागद पूर्ण वाचला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवला, झेरॉक्स काढून केसपेपरला लावली आणि यांचा नंबर सकाळी पहिला ठेवला.