पुतळीचा कस आणि पुतळीचा ठसा

महाराष्ट्रातील जुन्या घरांत जपलेल्या पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे मुळात व्हेनिसच्या गणराज्याचे दुकात नावाचे सोन्याचे नाणे होय; ती खरी की खोटी हा प्रश्न वरवर एकच भासला, तरी धातूचा कस आणि नाण्याचा ठसा असे दोन निराळे प्रश्न त्यात गुंतलेले असतात, हे प्रस्तुत लेखकाला घरातील 21 पुतळ्यांची माळ तपासताना, आणि तेही एक चुकीचा निवाडा देऊन बसल्यावर, उमगले.

व्हेनिसने हे नाणे प्रथम 1284 मध्ये पाडले आणि 1797 मध्ये गणराज्य लयाला जाईपर्यंत त्याचे सुमारे साडेतीन ग्रॅम वजन, जवळजवळ शंभर नंबरी सोने आणि दोन्ही बाजूंची चित्रे यांत फारसा फरक पडू दिला नाही. एका बाजूस संत मार्क हे उभे राहून गुडघे टेकलेल्या डोजच्या, म्हणजे गणराज्याच्या प्रमुखाच्या, हाती निशाण देताना दिसतात, तर दुसऱ्या बाजूस बदामाच्या आकाराच्या चौकटीत ताऱ्यांनी वेढलेली ख्रिस्ताची उभी आकृती असते. या मनुष्याकृतींवरूनच आपल्याकडे त्यास पुतळी म्हणू लागले. याच नाण्याचे दुसरे इटालियन नाव झेक्कीनो हे ‘झेक्का’ म्हणजे टांकसाळ या शब्दावरून आले, आणि तो शब्द अरबी ‘सिक्का’पासून निघालेला असल्यामुळे मराठीतील सिक्का हा त्याचा भाऊबंदच ठरतो. व्यापाराबरोबर ही नाणी भारतात आली, त्यांची पत बाजारात रुजली, आणि मग येथील सोनारांनीही त्याच वजनाच्या व त्याच घाटाच्या पुतळ्या घडवण्यास प्रारंभ केला.

लेखकाची चूक झाली ती या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे. भिंगाखाली पाहता बहुतेक पुतळ्यांच्या कडेची लॅटिन अक्षरे अक्षरे राहिलेलीच नव्हती. तेथे नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके होते, संत मार्कचा झगा परकरासारखा फुगला होता, आणि गुडघे टेकलेला डोज बसला आहे की उभा आहे हेही नीट कळत नव्हते. एवढ्यावरून त्या सर्व खोट्या असल्याचे लेखकाने घरात जाहीर केले, मात्र थोरल्या आत्यांनी ते मानले नाही, कारण त्याच माळेतील चार पुतळ्या पूर्वी अडीअडचणीला मोडल्या गेल्या होत्या आणि सराफाने त्यांचा भाव चोख सोन्याचाच दिला होता. आत्यांच्या लेखी खोटी पुतळी म्हणजे हिणकस पुतळी, अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हते. आणि बाजाराचा शेकडो वर्षांचा न्यायही हाच असल्याने त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण होते.

त्यामुळे तपासणी पुन्हा मुळापासून करावी लागली. कसोटी, म्हणजे ज्या काळ्या दगडावर सोने घासून त्याच्या रेघेचा रंग ज्ञात कसाच्या रेघेशी ताडून पाहतात आणि वर तेजाब सोडून ती रेघ टिकते की विरते हे पाहतात तो दगड, आणि सराफांकडील क्ष-किरणांचे यंत्र ही दोन्ही साधने नाण्याचा वरचा थरच वाचतात, म्हणून पोटातील धातू ओळखण्यासाठी घनतेचा आधार घ्यावा लागतो. नाणे आधी हवेत आणि मग बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलतात, आणि हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागतात. चोख सोन्याचा भागाकार 19.3 च्या आसपास येतो. साडेतीन ग्रॅमच्या पुतळीचे वजन पाण्यात अवघे 0.18 ग्रॅम घटत असल्याने ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा येथे कुचकामी ठरतो, कारण त्यावर चोख आणि बावीस कॅरेट सोन्यात जेमतेम दोन अंकांचे अंतर राहते. त्यासाठी मिलिग्रॅम दाखवणारा काटाच हवा. वजन करण्यापूर्वी कड्या काढणेही भाग होते, कारण कडी आणि तिच्या झाळकामातील हलका धातू हिशेब बिघडवतो.

या मोजणीत रेघारेघांच्या 18 पुतळ्या एकजात चोख निघाल्या, म्हणजे ज्यांना लेखकाने खोट्या ठरवले होते त्या व्हेनिसच्या नसल्या तरी सोन्याला जागल्या होत्या. त्यांना बनावट म्हणणे अन्यायाचे होईल. त्या घडवणाऱ्या सोनाराला लॅटिन येत नव्हते आणि येण्याची गरजही नव्हती. उरलेल्या तिघींवर अक्षरे शुद्ध होती. त्यांपैकी एकीवर 1789 ते 1797 या काळातील शेवटचा डोज लुदोविको मानिन याचे नाव होते, तर दोघींवर त्याच्या आधीचा डोज पाओलो रेनिएर याचे.

रेनिएरच्या त्या दोघींपैकी एकीचे हवेतील वजन 2.75 ग्रॅम भरले आणि पाण्यात ते 0.176 ग्रॅमने घटले, म्हणजे घनता 15.6 आली, जी साधारण अठरा कॅरेटच्या सोन्याची असते. भिंगाखाली तिची अक्षरे वाचनीय असली तरी त्यांच्या कडा साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या गोलसर होत्या आणि सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. ठशाखाली ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाने सरकून अक्षराची कड धारदार उमटते, तर साच्यात ओतलेल्या नाण्यात ती बोथट राहते आणि अडकलेली हवा अशी छिद्रे ठेवून जाते. म्हणजे सबंध माळेत फसवी अशी एकच पुतळी होती, आणि ती सर्वांत सुवाच्य पुतळ्यांपैकी एक होती.

ती कोठून आली याचा उलगडा कडेवरील एका खाचेने केला. एकाच ठशातून निघालेल्या दोन नाण्यांत ठशाचे दोष सारखे असू शकतात, परंतु नाणे पाडल्यानंतर वापरात त्याला झालेल्या जखमा कधीही सारख्या नसतात. येथे मात्र रेनिएरच्या अस्सल पुतळीच्या कडेला ख्रिस्ताच्या डाव्या खांद्यासमोर जी तिरपी खाच होती, तीच खाच त्याच जागी, त्याच उतरणीची, ओतीव पुतळीवरही होती. माळ पूर्वी केव्हा तरी ओवण्यासाठी किंवा कड्या बदलण्यासाठी बाहेर दिलेली असताना एक पुतळी कमी झाली, आणि शेजारच्या पुतळीवरून साचा घेऊन संख्या भरून काढली गेली, असाच याचा अर्थ लागतो. आत्यांना हे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही पुतळ्या तळहातावर घेऊन खाचेवरून नख फिरवले, आणि माळ पुन्हा ओवताना त्या दोघींना शेजारी ठेवू नये एवढेच सुचवले.