मे महिना आणि ट्रॅक्टरची बॅटरी

पेरणीला अवकाश आहे, तोवर ट्रॅक्टर उभाच. आज बॅटरी काढली. ऋणाची वायर आधी, मग धनाची. टोकांवर पांढरट-निळसर थर साचलेला. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतताच फसफसला. परभणीचा मे म्हणजे पारा 42 च्या घरात, आणि दर 10 अंशांमागे बॅटरी बसल्याजागी जवळपास दुप्पट वेगाने उतरते. 12.4 व्होल्टच्या खाली पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जरही हात टेकतो. शेजारचे काका म्हणाले, "फरशीवर ठेवू नको, उतरंल ती." ही लाकडी-रबरी डब्यांच्या काळची भीती, प्लॅस्टिकला फरशीचं काय? तरी फळीवर ठेवली. काकांशी वाद कोण घालणार! पाणी मात्र डिस्टिल्डच घातलं. आमच्या बोअरच्या पाण्याचा चहासुद्धा धड होत नाही.