जे पुन्हा फुटत नाही

ट्यूलिप कोणी खाल्ली हे देठच सांगतो. हरणाने ओरबाडलेला देठ फाटका असतो, त्याचे दोरे लोंबत असतात. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, त्यामुळे ते पाला तोंडात धरतं आणि हिसडा देऊन तोडतं. सशाने खाल्लेला देठ तिरपा आणि स्वच्छ असतो, नुकत्याच पाजळलेल्या विळ्याने छाटावा तसा. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, खाता खाताच झिजतात आणि झिजता झिजताच धार धरतात. आमच्या न्यू जर्सीत एप्रिलच्या सकाळी दंवाने ओल्या झालेल्या वाफ्यात असा तिरपा काप दिसला की समजावं, पहाटे कॉटनटेल येऊन गेला. पाठीवर वाळक्या गवताचा रंग, शेपटीखाली पांढरा झुबका, आणि आपली चाहूल लागली की जागच्या जागी थिजून उभा राहणारा हा ससा इथल्या प्रत्येक अंगणात आहे.

त्याचा राग येतो, आणि तो राग खोटा नाही. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या वसंताचं फूल आदल्या उन्हाळ्यातच, मातीखाली, कुणाला न दिसता घडलेलं असतं. ऑक्टोबरात आपण कंद पुरतो तेव्हा आत फूल तयारच असतं. मग सगळा हिवाळा तो बर्फाखाली काढतो. त्याला ती थंडी लागतेच, ती मिळाल्याशिवाय देठ नीट उंचावत नाही. एवढं सगळं झाल्यावर एक कळी वर येते, आणि एका कंदाला त्या वर्षी बहुधा तेवढी एकच. ती खुडली गेली की त्या कंदाचं वर्ष संपलं. पानं शाबूत राहिली तर कंद पुन्हा भरतो आणि पुढच्या वर्षाची आशा राहते. पानंही गेली तर तीही नाही.

ही एकांडी रीत ट्यूलिपने तिच्या मूळ गावी कमावलेली आहे. मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर पावसाळी वसंत थोडाच टिकतो आणि मागून कोरडा, भाजणारा उन्हाळा येतो. तेवढ्या मोजक्या आठवड्यांत फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा मातीत शिरायचं. तिथून ती तुर्की सुलतानांच्या बागांत गेली, आणि कॅरोलस क्लूसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडनला आला त्यानंतर हॉलंडच्या मातीत रुजली. माझ्या अंगणातला होस्टा पूर्व आशियातला आहे, लॅव्हेंडर भूमध्य समुद्राच्या काठचं, झेंडू मेक्सिकोकडचा आणि मी महाराष्ट्रातली. कॉटनटेल मात्र इथलाच. त्याचे पूर्वज इथल्या झुडपांच्या कडेने चरत होते तेव्हा या जमिनीवर ना लॉन होतं ना कुंपण. त्याला चोर म्हणताना माझी जीभ अडखळते ती यामुळे.

या अंगणात त्याच्यासारखंच इथलं असलेलं आणखी एक झाड आहे, ॲस्टर. सप्टेंबरात बाकी सगळं थकत आलेलं असताना ते जांभळ्या फुलांनी भरून जातं. मे महिन्यात ससा त्याचे कोवळे शेंडे खातो आणि झाड केविलवाणं दिसतं. पण पानांच्या बेचक्यांतून नवे फुटवे निघतात. एका शेंड्याच्या जागी चार होतात आणि शरदात झाड बुटकं, दाट आणि फुलांनी लदलेलं उभं राहतं. इथले माळी जुलैच्या सुरुवातीपर्यंत मुद्दाम ॲस्टरचे शेंडे खुडतात ते याचसाठी.

उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या आईने ते खाल्लेलं झाड पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हरभऱ्याचंही असंच असतं की. शेंडे खुडले की फुटवा धरतो." तिचं लहानपण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेलं. तिथे कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे बायका ओटीत खुडून आणतात. त्याची भाजी होते, आणि रान आणखी डेरेदार होतं. रात्री रानससेही तेच शेंडे खातात. "पण शेंडा खाल्ला तर चालतं गं," ती पुढे म्हणाली, "बुडातनं कुरतडला तर गेला."

तिच्या या बोलण्यात मला माझ्या बागेचा सगळा नियम सापडला. हानी दोन प्रकारची असते. एक भरून येणारी आणि एक न येणारी. ॲस्टरचा शेंडा गेला तर झाड नव्याने फुटतं. घेवड्याचं कोवळं रोप बीजपानांच्या खालून कापलं गेलं तर त्याला पुन्हा फुटायला डोळाच उरत नाही. कुंपण या दुसऱ्या हानीसाठी आहे. सगळ्या अंगणाला वेढा घालून बसलं तर आपलं अर्धं आयुष्य पहाऱ्यात जातं आणि सशाला जायला जागाच राहत नाही.

म्हणून माझ्या ट्यूलिपभोवती जाळी आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी षट्कोनी तारेची, २ फूट उंच. कॉटनटेलला एवढी उंची पुरते, कारण तो उड्या मारत पळतो खरा, पण खाण्यासाठी कुंपण ओलांडण्यापेक्षा त्याखालून वाट शोधतो. त्यासाठी जाळीची खालची कड सहा इंच बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली दाबायची. जाळीचं भोक १ इंचाहून मोठं नको, नाहीतर पिल्लं सहज आत शिरतात. फुलांचा बहर सरला, पानं पिवळी पडून कंद भरले, की जाळी गुंडाळून ठेवायची. ऋतूपुरती राखण आणि मग मोकळीक.

जाळीबाहेर नरगिसाची फुलं आहेत. त्यांच्या चिकात लायकोरीन नावाचं विष असतं, ससा त्यांना तोंड लावत नाही. लॅव्हेंडर, सेज, कांद्याच्या कुळातलं शोभेचं ॲलियम यांच्या उग्र वासाकडेही तो सहसा फिरकत नाही. उरलेल्या हिरवळीत मी पांढरं क्लोव्हर वाढू देते. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मिसळलेलं असे, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात आणि गवत फुकटात पोसलं जातं. महायुद्धानंतर रुंद पानांची रोपं मारणारं २,४-डी हे तणनाशक घराघरांत आलं आणि गवताबरोबर वाढणारं क्लोव्हरही तण ठरलं. सशाला मात्र क्लोव्हर फार आवडतं. ज्या हिरवळीत ते भरपूर आहे तिथे तो संध्याकाळभर मान खाली घालून चरतो आणि त्याची भूक वाफ्यापर्यंत पोचायच्या आत बरीचशी भागते.

कसोटीचा काळ हिवाळ्यात येतो. बर्फ पडून राहतो, हिरवं काही उरत नाही, आणि ससा कोवळ्या झाडांची साल खाऊ लागतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. खोडाभोवती गोल फिरून सगळी साल खाल्ली गेली तर ती वाट तुटते. झाड वसंतात एकदा पालवतंसुद्धा, आणि मग मुळं उपाशी राहून मरतं. न भरून येणारी हानी म्हणजे काय, ते अशा वाळलेल्या सफरचंदाच्या रोपापाशी उभं राहिलं की कळतं. म्हणून नोव्हेंबरात प्रत्येक कोवळ्या खोडाला बारीक जाळीचा नळा घालते. बर्फाचा थर चढला की ससा त्यावर उभा राहून वरची साल गाठतो, तेव्हा नळा बर्फाच्या उंचीहून वर हवा.

पिंजरा लावून ससा दूरच्या रानात सोडून द्या, असं पुष्कळ जण सांगतात. ऐकायला ते दयेचं वाटतं. पण अनोळखी जागी त्याला ना लपायचं झुडूप ठाऊक, ना पळायची वाट. त्यात तो बहुधा मरतो, आणि इथे त्याची रिकामी जागा थोड्याच दिवसांत दुसरा ससा घेतो.

मे महिन्यात भरून न येणाऱ्या हानीचा हा नियम उलट्या बाजूने माझ्यापर्यंत येतो. कॉटनटेल बीळ खणत नाही. मादी उघड्या लॉनमध्ये तळहाताएवढा उथळ खळगा करते, त्यात स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरते, पिल्लांना जन्म देते आणि वरून वाळकं गवत ओढून निघून जाते. आपल्याकडच्या रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. ही मात्र आंधळी आणि जवळजवळ बिनकेसांची. आई दिवसभर जवळ फिरकत नाही, कारण तिच्या असण्यानेच कोल्ह्याला घरटं सापडेल. पहाटे आणि संध्याकाळी ती येते, काही मिनिटं दूध पाजते आणि जाते. पिल्लं पोरकी समजून लोक उचलून नेतात तेव्हा त्यांची आई बहुधा जवळच्या झुडपात असते. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं आपण होऊन बाहेर पडतात. तेवढ्यात गवत कापायचं मशीन त्या खळग्यावरून गेलं, तर ती हानी कशानेच भरून येत नाही. अशा वेळी मी घरट्याभोवती चार खुंट्या रोवते आणि आतलं गवत वाढू देते. एप्रिलात ट्यूलिपला सशापासून राखायचं, मेमध्ये सशाच्या पिल्लांना माझ्यापासून. मला ही दोन्ही कामं एकच वाटतात.

ही पिल्लंही फार थोडी जगतात. मादी वर्षातून अनेकदा विते, दर खेपेला चार-पाच पिल्लं होतात, तरी अंगण सशांनी भरून जात नाही. लाल शेपटीचा ससाणा, कोल्हा, शिंगळं घुबड, शेजारची मांजर, सगळ्यांचं पोट या एका मऊ जिवावर चालतं. रानात जन्मलेले बहुतेक ससे वर्षही पुरं करत नाहीत. इतक्यांचा घास होऊनही ही जात टिकते, कारण तीही ॲस्टरसारखी खुडली की फुटते. पण एकेक पिल्लू मात्र ट्यूलिपच्या कळीसारखं एकदाच येतं.

मंगळवेढ्याकडे शाळू हुरड्यात आला की अजूनही राखण बसते. माळ्यावर उभा राहून राखण्या पहाटेपासून हाकारे घालतो, गोफण फिरवतो, आणि पाखरांचे थवे उठून शेजारच्या बांधावर बसतात. संध्याकाळपर्यंत थोडी कणसं पाखरांनी नेलेलीच असतात. त्या रानात कुणी शेवटच्या दाण्याचा हिशेब मागत नाही. पीक घरी यावं एवढंच राखण्याचं काम. पाखरू रानातून कायमचं नाहीसं व्हावं, असं त्याच्या मनात नसतं.

बाग राखायची तर याच मनाने राखावी असं मला वाटतं. जे पुन्हा फुटेल त्यातला वाटा सशाला मोकळ्या हाताने द्यावा, आणि जे पुन्हा फुटणार नाही त्याभोवती उभं राहावं, मग ते वाफ्यातलं असो की गवतातलं.