लास व्हेगास आणि मधलीं पानें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेवाडा हें बहुतांशीं वाळवंटी संस्थान. तेथें १९०५ सालीं रेल्वेच्या निमित्तानें वसलेलें लास व्हेगास हें एक लहानसें गांव होतें. १९३१ सालीं नेवाडानें जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षीं जवळच कोलोराडो नदीवर हूवर धरणाचें काम सुरू झालें. मजुरांच्या हातीं पगार आला, आणि तो घालविण्याची सोयही शेजारींच झाली. गांवाचें नगर होण्यास एवढें पुरेसें होतें.

ग्रँड कॅन्यन पाहण्यास निघालेल्या अनेक प्रवाशांचा मुक्काम येथें पडतो, तसा आमचाही पडला. फ्रीमाँट स्ट्रीट हा येथील जुना रस्ता. त्याच्यावर आतां दिव्यांचें भलें मोठें छत आहे, आणि खालीं रात्रीचा दिवस झालेला असतो. याच रस्त्यावर बेनी बिनियन यानें १९५१ सालीं हॉर्सशू नांवाचें जुगारगृह काढलें, आणि पोकरची जागतिक स्पर्धा १९७० सालीं तेथेंच सुरू झाली. स्पर्धा पुढें दुसरीकडे गेली. पोकर मात्र नगरांत सर्वत्र राहिला.

यंत्रांच्या खणखणाटांतून पोकरच्या दालनांत शिरावें, तों एकदम शांतता जाणवते. येथें खेळाडू एकमेकांशीं खेळतात. मालक फक्त डावांतून आपला लहानसा वांटा कापून घेतो. प्रत्येकास दोन पानें झांकून मिळतात; मग मधोमध प्रथम तीन, नंतर एक व शेवटीं आणखी एक अशीं पांच पानें उघडलीं जातात. या सातांतून ज्याचीं पांच पानें सरस, त्याचा डाव.

बावन पानांतून दोन-दोन पानांचे १३२६ संच होऊं शकतात. दोन एक्के सरासरीनें २२१ वेळां एकदां येतात, आणि ते आल्यावर काय करावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. सत्ती-दुर्री आली तर नवशिकाही ती टाकून देतो. खरी परीक्षा मधल्या पानांची. राजा-गुलाम घ्या. दिसण्यांत दोघेही दरबारी. परंतु समोर एक्का-राजा असेल, तर चारांपैकीं जेमतेम एक डाव हातीं लागतो. मधोमध राजा उघडला म्हणजे तर अधिकच घात, कारण त्यानें धीर दोघांसही येतो आणि पैसा एकाचाच जातो.

आमच्या देखत असेंच घडलें. एका तरुणानें सर्वांआधीं बोलण्याची पाळी असतां मोठी रक्कम लावली व अखेरपर्यंत वाढवीत नेली. पानें उलटलीं तेव्हां त्याजपाशीं राजा-गुलाम होते. समोरच्या वृद्ध बाईंनीं शांतपणें एक्का-राजा मांडला. तरुण कांहीं बोलला नाहीं. तो उठून पैसे काढण्याच्या यंत्राकडे गेला.

जाणते खेळाडू अशा पानांना पाळी पाहून खेळतात. जो शेवटीं बोलतो त्यास इतरांचा मनसुबा थोडाबहुत कळलेला असतो. म्हणून जें पान आरंभीं टाकावें, तेंच शेवटीं, कोणी बोली वाढविली नसल्यास, खेळण्याजोगें ठरतें. छक्क्यांची जोडी असेल, तर पहिल्या तीन पानांत तिसरी छक्की साधारण साडेआठ वेळांत एकदांच येते. तेव्हां स्वस्तांत प्रवेश मिळाला व समोरच्यापाशीं भरपूर शिल्लक असली, तरच थांबावें. एकाच रंगाच्या अठ्ठी-सत्तीचेंही तसेंच. पहिल्या तीन पानांतच पांचही एका रंगाचीं जुळणें शंभरांत एकदांही घडत नाहीं.

आपल्या घरीं बदामसात किंवा मेंढीकोट खेळतांना वांटून आलीं तीं पानें शेवटपर्यंत वागवावीं लागतात. पोकरमध्यें तसें बंधन नाहीं. कोणत्याही पाळीस हात टाकून मोकळें होतां येतें, आणि आधीं लावलें असेल तेवढेंच जातें. पण लावलेल्याचा मोह सुटत नाहीं. द्यूतसभेंत युधिष्ठिर बसून राहिला, तो फांसे चांगले पडत होते म्हणून नव्हे. दालनांतून बाहेर पडतांना आम्हीं मागें पाहिलें, तों त्या बाई पुन्हां एकदां आपलीं दोन पानें पाहून, कोणास न दाखवितां, पुढें सारीत होत्या.