रिकाम्या जागांचा हिशेब

आज दिवसभर भूकंपीय सर्वेक्षणातल्या रिकाम्या जागांचाच विचार डोक्यात आहे. वाटेत नदी किंवा वस्ती आली की जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं, लावता येत नाहीत आणि नोंदींत खिंडारं पडतात. ती भरता येतात, कारण जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचे माथे वक्र असले तरी सलग असतात. कर्व्हलेट रूपांतरात, म्हणजे नोंदी लांबट, वक्र तुकड्यांच्या बेरजेत मांडणाऱ्या गणिती पद्धतीत, ते मोजक्याच मोठ्या गुणकांत मावतात. मग हाती असलेल्या नोंदींशी जुळणारं सर्वांत विरळ, म्हणजे कमीत कमी गुणकांचं, उत्तर शोधायचं.

२००८ साली हेनेनफेंट आणि हेरमान या संशोधकांनी मांडलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. समान अंतरानं सुटलेल्या जागा खोट्या लहरी उभ्या करतात. अनियमित सुटल्या तर विखुरलेला गोंगाट उरतो आणि तो गाळता येतो. तरीही भरलेली जागा हा अंदाजच. मोजलेलं कोणतं आणि भरलेलं कोणतं, हे जमिनीखालच्या थरांच्या प्रत्येक छेदचित्रावर वेगळं दाखवलंच पाहिजे.